‘स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, साहेब!’

खोटे बोलणाऱ्या साक्षीदाराचा समाचार कसा घ्यावा, हे कायद्याच्या विद्यार्थ्याला शिकवतात. उलटतपासणीची कला त्यासाठीच वाढली. पण साक्षीदार सरळमार्गी आहे, शपथेला भिणारा आहे, त्याला कोणाशी वैर नाही की कोणाकडून दमडी मिळायची नाही. आणि तरीही तो सांगतो तसे घडलेलेच नाही, असे असेल तर? हा प्रश्न वकिलीच्या वर्गात कसा शिरला, त्याची हकीकत मोठी मनोरंजक आहे.

1901 च्या सुमारास बर्लिन विद्यापीठात फ्रान्झ फॉन लिस्ट हे फौजदारी कायद्याचे नामांकित प्राध्यापक होते. त्यांच्या वर्गात एका पुस्तकाची चर्चा चालली असता एक विद्यार्थी मध्येच ख्रिस्ती नीतीच्या बाजूने बोलू लागला. दुसऱ्याला ते खपले नाही. शब्दाने शब्द वाढला, एकाने पिस्तूल काढले, प्राध्यापक मध्ये पडले आणि बार उडाला! वर्गात एकच हलकल्लोळ झाला.

हे सारे आधीच बसवलेले नाटक होते. त्याचे 14 बारीक भाग पाडून ठेवलेले होते. काही विद्यार्थ्यांनी पाहिलेले लगेच लिहून काढले, काहींनी दुसऱ्या दिवशी किंवा आठवड्याने. काहींची तोंडी तपासणी झाली. ज्याच्या चुका सर्वांत कमी, त्याच्याही शंभरातल्या 26 गोष्टी चुकल्या होत्या. सर्वांत जास्त चुकणाऱ्याच्या 80. गप्प बसलेल्यांच्या तोंडी भाषणे घातली गेली, आणि प्रसंगाचे महत्त्वाचे भाग कित्येकांच्या स्मरणातून पार पुसले गेले. नाटक जसे रंगत गेले तशा चुका वाढल्या. हे सगळे उद्याचे वकील आणि न्यायाधीश होते, हे विसरू नये.

ही गोष्ट इंग्रजी वाचकांपर्यंत नेली ह्यूगो मुंस्टरबर्ग यांनी. जर्मनीत जन्मलेले हे मानसशास्त्रज्ञ अमेरिकेत हार्वर्डला शिकवीत. 1908 मध्ये त्यांनी साक्षीच्या मानसशास्त्रावर पुस्तक लिहिले आणि त्यात स्वतःचीच फजिती सांगितली. त्यांच्या घरी चोरी झाली, त्यांनी शपथेवर साक्ष दिली. चोर तळघराच्या खिडकीतून आले, असे ते म्हणाले. प्रत्यक्षात दाराचे कुलूप फोडलेले होते. घड्याळ कागदात गुंडाळले होते, असे ते म्हणाले. ते निघाले टेबलक्लॉथमध्ये. स्मृतीचा व्यासंग करणाऱ्याची ही अवस्था!

पण मुंस्टरबर्ग यांनी वकिलांना हटवादी म्हणून डिवचले, आणि वकील थोडेच ऐकून घेणार? पुराव्याच्या कायद्याचे पंडित जॉन हेन्री विग्मोर यांनी 1909 मध्ये एका काल्पनिक खटल्याचा वृत्तांत छापला. त्यात वकिलांनी मुंस्टरबर्गवर बदनामीचा दावा लावला होता. विग्मोर यांचा मुद्दा मात्र थट्टेचा नव्हता. साक्षीदार सर्वसाधारणपणे चुकतात हे ठीक. पण समोर उभा असलेला हा एक साक्षीदार चुकतो आहे की नाही, हे ओळखण्याचे साधन तुमच्याजवळ कुठे आहे? मला वाटते, या प्रश्नाचे पुरते उत्तर अजूनही मिळालेले नाही. गंमत अशी की, 1913 मध्ये याच विग्मोर यांनी विद्यार्थ्यांसाठी पुराव्यावर जो ग्रंथ रचला, त्यात मानसशास्त्राला ऐसपैस जागा दिली.

आपल्याकडेही हा वारा लवकर पोहोचला होता. ऑस्ट्रियाचे तपास-न्यायाधीश हान्स ग्रोस यांनी गुन्ह्यांच्या तपासावर 1893 मध्ये एक ग्रंथ लिहिला होता. त्याचे हिंदुस्थानातील कामकाजाला जुळवून घेतलेले इंग्रजी रूप 1906 मध्ये निघाले, तेही मद्रासहून! त्याआधीच, 1872 च्या पुरावा कायद्याने सरतपासणीत सूचक प्रश्न विचारण्यावर बंधन घातले होते. 1 जुलै 2024 पासून त्या कायद्याची जागा भारतीय साक्ष अधिनियमाने घेतली, तरी हे बंधन कायम आहे. ते किती शहाणपणाचे आहे, हे प्रयोगाने कळले ते पुष्कळ नंतर. 1974 मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताची फिल्म दाखवली. काहींना विचारले, ‘गाड्या धडकल्या तेव्हा वेग किती होता?’ इतरांना विचारताना ‘धडकल्या’ऐवजी चक्काचूर सुचवणारा शब्द वापरला. आठवड्याने पुन्हा विचारले, ‘काचा फुटलेल्या पाहिल्या का?’ पहिल्या 50 पैकी 7 जण ‘हो’ म्हणाले, दुसऱ्या 50 पैकी 16. फिल्ममध्ये फुटकी काच नव्हतीच! एका शब्दाने ती पेरली होती.

घरात जुन्या लग्नाची आठवण निघाली, की आत्या एक सांगते, काका दुसरे सांगतात, आणि आपण हसतो. न्यायालयात हसण्याची सोय नसते. 1992 मध्ये न्यूयॉर्कच्या कार्डोझो विधिमहाविद्यालयात बॅरी शेक आणि पीटर न्यूफेल्ड या वकिलांनी निरपराध कैद्यांसाठी काम सुरू केले, आणि विद्यार्थ्यांना हाताशी घेतले. डीएनए चाचणीने तिथे जे कैदी निर्दोष ठरले, त्यांच्यापैकी निम्म्याहून अधिक जणांच्या खटल्यांत कोणीतरी चुकीची ओळख पटवली होती. ‘हाच तो’ म्हणून बोट दाखवणारे बहुतेक प्रामाणिक होते. त्यांच्या प्रामाणिकपणाची किंमत दुसऱ्याने तुरुंगात मोजली.

म्हणून मला वाटते, कायद्याच्या विद्यार्थ्याला मानसशास्त्राची जाडजूड पोथी पाठ नसली तरी चालेल. पण लिस्ट यांच्या वर्गासारखा एक तास त्याच्या वाट्याला यावा. आपण स्वतः किती ठामपणे चुकतो हे ज्याने एकदा अनुभवले, तो पुढे न्यायाधीशाच्या खुर्चीत बसला, तर ‘स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, साहेब’ हे शब्द ऐकून लेखणी उचलण्यापूर्वी क्षणभर थांबेल. त्या क्षणावर एखाद्याचे उभे आयुष्य अवलंबून असते.