खारेपाटातील बियाणे आणि नोंदवही

पेणहून नागोठण्याकडे जाताना कासूच्या बाजूस अंबेच्या खाडीलगत जी सपाट खाचरे पसरलेली दिसतात, ती बांध घालून भरतीच्या पाण्यापासून सोडविलेली भूमी, म्हणजेच खारेपाट, होय. पेण तालुक्यातील शिलोत्री वहिवाटीप्रमाणे बाहेरचा बांध राखणारा शिलोत्रीदार सरकारी आकाराखेरीज बिघ्यामागे एक मण भात घेत असे. त्या हिशेबात पीक मोजले जाई; कोणते बी कोणत्या खाचरात तगले, हे ज्ञान मात्र शेतकऱ्याच्या स्मरणातच राहिले. मोड आलेले बी चिखलावर फेकण्याची रहू पद्धत आणि तांबड्या, जाड दाण्याचे राता भात ही त्याच स्मरणाची फळे.

कृषिसंशोधकांनी या पिढीजात बियाण्याला टाकाऊ न मानता त्यातील निवडक लोंब्यांचे वंश वेगळे पेरले, तुलनेने पारखले, आणि काळा राता 1-24 व भुरा राता 4-10 हे वाण सिद्ध केले. माझ्या मते या कार्याचे मर्म प्रश्नाच्या निवडीत, म्हणजे बी कोणत्या अवस्थेत व कोणत्या जमिनीत पारखावे हे ठरविण्यात, आहे. भाताचे बी रुजताना क्षार पुष्कळ सोसते, परंतु कोवळ्या रोपावस्थेत व फुलोऱ्याच्या वेळी तेच पीक हळवे होते. म्हणून उगवण पाहून दिलेला अभिप्राय फसवा ठरतो, आणि गोड्या जमिनीतील उतारा तर खारेपाटाविषयी काहीच सांगत नाही. एकाच खाचरातही क्षार सर्वत्र सारखा नसल्यामुळे एखादा वाण केवळ बऱ्या जागेच्या पुण्याईने श्रेष्ठ भासू शकतो. इंग्लंडात संख्याशास्त्रज्ञ फिशर यांनी वाफ्यांची यदृच्छ मांडणी व पुनरावृत्ती यांचे शास्त्र रचले ते हाच भ्रम टाळण्यासाठी. आणि साताऱ्याकडील बुधचे सुपुत्र डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी डॉ. वि. गो. पानसे यांच्यासह 1954 साली शेती-कार्यकर्त्यांसाठी संख्याशास्त्राचा जो ग्रंथ सिद्ध केला, त्याने ही शिस्त भारतीय प्रक्षेत्रांवर रुजविली.

पुढे, फिलिपाइन्समध्ये 1966 साली प्रसृत झालेल्या बुटक्या, भरघोस आयआर 8 या वाणाशी भुरा राताचा संकर करून पनवेल 1 निर्माण झाला. जगाची उत्पादनक्षमता आणि खाडीकाठची सोशिकता यांचा तो संयोग होता.

तथापि बांधाला खांड पडली, म्हणजे तो फुटला, की कोणताही वाण हतबल होतो. 1948च्या मुंबई खारजमीन कायद्याने बांधांच्या रक्षणाचा विषय शासनाच्या कक्षेत आणला. म्हणून आता प्रत्येक खाचराची क्षारता, उघाडीची (बांधातील पाणी सोडण्याच्या दाराची) स्थिती आणि खांडीची तारीख ही बियाण्याच्या नोंदीशेजारीच, त्याच वहीत लिहिली गेली पाहिजेत, असा माझा आग्रह आहे.