वेझलेची टेकडी

फ्रान्समधील बर्गंडी प्रांतात, पॅरिसच्या आग्नेयेस सुमारे सव्वादोनशे किलोमीटरांवर, कूर नदीच्या खोऱ्यालगत एक लांबट टेकडी आहे. पायथ्यापासून माथ्यापर्यंत तिच्या पाठीवरून घरांच्या रांगा चढत गेल्या आहेत आणि माथ्यावर एक विशाल चर्च उभे आहे. हेच वेझले गाव. आजमितीस येथील लोकवस्ती जेमतेम चारशेच्या आसपास आहे. बाराव्या शतकात मात्र हे काही हजार वस्तीचे नांदते नगर होते. राजे येथे गुडघे टेकण्यास येत, व्यापारी जत्रा भरवीत आणि दूरदूरचे यात्रेकरू अनवाणी पायांनी ही चढण चढत. १९७९ साली फ्रान्समधील जी पहिली स्थळे जागतिक वारशाच्या यादीत समाविष्ट झाली, त्यांत वेझलेचे चर्च आणि ही टेकडी यांचा अंतर्भाव होता.

वेझले पाहावयाचे ते पायीच. गावाच्या पायथ्याशी जुन्या जत्रेचे पटांगण आहे. तेथून निघणारा दगडी फरसबंदीचा अरुंद रस्ता वळणे घेत थेट चर्चच्या दारापर्यंत जातो. या रस्त्यात ठिकठिकाणी धातूचे छोटे शिंपले बसविलेले आढळतात. शिंपला ही स्पेनमधील सान्तियागो या तीर्थक्षेत्री जाणाऱ्या यात्रेकरूंची खूण होय. बाराव्या शतकातील एका यात्रामार्गदर्शक ग्रंथात फ्रान्समधून तिकडे जाणारे चार मार्ग सांगितले असून त्यांतील एक वेझलेहून निघतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंची अनेक घरे मध्ययुगीन तळघरांवर उभी आहेत. ठेंगण्या खांबांनी आणि दगडी कमानींनी तोललेली ही तळघरे एखाद्या धर्मशाळेच्या ओवरीसारखी दिसतात, आणि त्यांचा उपयोगही तसाच होत असे. उत्सवाच्या दिवसांत वरच्या मजल्यावर जागा उरली नाही म्हणजे थकलेले यात्रेकरू या गारव्यात अंग टाकीत.

एवढे लोक येथे कशासाठी येत? नवव्या शतकात जिरार नावाच्या सरदाराने खालच्या खोऱ्यात जोगिणींचा एक मठ स्थापिला. उत्तरेकडील नॉर्मन दर्यावर्दी लुटारूंच्या स्वाऱ्यांमुळे तो उद्ध्वस्त झाला आणि मठवासी सुरक्षिततेसाठी टेकडीवर आले. पुढे अकराव्या शतकात अशी ख्याती पसरली की, येशू ख्रिस्ताची शिष्या मग्दालिया मरिया हिच्या अस्थी या मठात आहेत. पश्चात्तापाने पावन झालेली स्त्री अशी मध्ययुगाची तिच्याविषयी श्रद्धा होती. आपल्या पापांचे ओझे जाणणाऱ्या सामान्य माणसाला तिच्याजवळ जाण्याचे भय वाटत नसे. दरवर्षी २२ जुलैला तिचा उत्सव होई. ११२० साली याच उत्सवाच्या आदल्या रात्री चर्चला आग लागली. माणसांनी भरलेले ते मंदिर पेटले आणि मृतांचा आकडा हजाराहून अधिक असल्याचे इतिवृत्तात नोंदले गेले. आज दिसणारी भव्य वास्तू ही त्या राखेतून उभी राहिली आहे.

यात्रेबरोबर पैसा आला आणि पैशाबरोबर तंटाही आला. मठाधिपती हाच गावाचा धनी होता. जमीन त्याची, कर त्याचे, न्यायनिवाडाही त्याचा. यात्रेकरूंमुळे सुखवस्तू झालेले सावकार, दुकानदार आणि कारागीर यांना हे जोखड असह्य होऊ लागले. ११०६ साली आर्तो या मठाधिपतीचा खून झाला. ११५२ साली गावकऱ्यांनी नेव्हेरच्या सरदाराच्या पाठबळावर आपली स्वतंत्र नगरसभा घोषित केली आणि तीन वर्षे ती टिकविली. अखेर ११५५ मध्ये राजा सातवा लुई याने मठाच्या बाजूने निवाडा दिला. नगरसभा मोडली आणि गावकऱ्यांच्या माथी दंड बसला. हा सर्व वृत्तान्त ह्यू नावाच्या एका साधूने लिहून ठेविला आहे. तो याच मठातला असल्यामुळे त्याच्या लेखी गावकरी हे कृतघ्न बंडखोर ठरतात. त्या बंडखोरांपैकी कोणी आपली बाजू लिहून ठेविली नाही. म्हणून या रस्त्याने चालताना उंच मनोऱ्याकडे पाहावे तसे खालच्या तळघरांकडेही पाहावे. मठाचा इतिहास ग्रंथात आहे, तर गावकऱ्यांचा त्यांच्या जोत्यांत आहे.

याच रस्त्यावर एक घर असे आहे की, भारतीय मनुष्याची पावले तेथे आपोआप थबकावीत. १९३८ पासून ३० डिसेंबर १९४४ रोजी देहावसान होईपर्यंत रोमाँ रोलाँ येथे राहत होते. वेझलेपासून जवळच असलेल्या क्लामसी या गावी १८६६ साली त्यांचा जन्म झाला होता. पहिल्या महायुद्धात सारा युरोप द्वेषाने पेटला असता, या लेखकाने दोन्ही बाजूंच्या विचारवंतांना विवेकाचे आवाहन केले आणि त्यापायी स्वदेशात निंदा सोसली. १९१५ चे साहित्याचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. १९२४ मध्ये त्यांनी महात्मा गांधींचे चरित्र लिहून युरोपला गांधीविचारांचा परिचय करून दिला. त्यानंतर रामकृष्ण परमहंस आणि स्वामी विवेकानंद यांची चरित्रेही त्यांनी लिहिली. डिसेंबर १९३१ मध्ये लंडनच्या गोलमेज परिषदेहून परतताना गांधीजी स्वित्झर्लंडमध्ये त्यांच्या घरी काही दिवस राहिले होते आणि रोलाँनी पियानोवर त्यांना बेथोव्हेनचे संगीत ऐकविले होते. आयुष्याच्या संध्याकाळी वेझलेत आलेल्या या शांततावाद्याला जून १९४० मध्ये आपल्याच गावात शिरणारे जर्मन सैन्य पाहावे लागले. आज त्या घरात आधुनिक चित्रकलेचे संग्रहालय आहे.

चढण संपली की चर्चचा दर्शनी भाग समोर येतो. त्यातून आत गेल्यावर प्रथम एक प्रशस्त मंडप लागतो आणि मुख्य दालनाच्या द्वारावर बाराव्या शतकातील ते विख्यात अर्धवर्तुळाकार शिल्प दिसते. मध्यभागी ख्रिस्त आसनस्थ असून त्याच्या हातांतून निघणारे किरण शिष्यांच्या मस्तकांपर्यंत पोचले आहेत. जगातील सर्व लोकांकडे जा, ही त्याची आज्ञा आहे. हे ‘सर्व लोक’ शिल्पकाराने भोवतीच्या कप्प्यांत आणि खालच्या पट्टीत कोरले आहेत. त्यांत धनुष्यबाण घेतलेले शिकारी आहेत, बळी देण्यासाठी बैल नेणारे आहेत, शिडी लावून घोड्यावर चढणारे बुटके आहेत, कुत्र्याच्या तोंडाची माणसे आहेत आणि सुपाएवढ्या कानांचे एक कुटुंबही आहे. सर्वांच्या बाहेरून बारा राशी आणि बारा महिन्यांची कामे यांची कमान आहे.

ही विचित्र माणसे आली कोठून? त्यांचा माग काढीत गेले तर वाट भारताकडे वळते. इराणच्या दरबारातील ग्रीक वैद्य क्टेसियस याने इसवी सनापूर्वी पाचव्या शतकाच्या अखेरीस भारतावर एक ग्रंथ लिहिला. भारतातील डोंगरांत श्वानमुखी माणसे राहतात असे त्यात होते. पुढे चंद्रगुप्त मौर्याच्या दरबारी आलेला वकील मेगॅस्थेनिस याने कानांत गुरफटून झोपणाऱ्या लोकांची वार्ता नोंदविली. महाभारताच्या सभापर्वात सहदेवाच्या दिग्विजयप्रसंगी ‘कर्णप्रावरण’ नावाच्या लोकांचा उल्लेख येतो. कर्णप्रावरण म्हणजे ज्यांचे कान हेच पांघरूण आहे असे लोक. मेगॅस्थेनिसने ऐकलेली कथा हीच असावी, असे विद्वान मानतात. ग्रीकांकडून ती रोमन लेखक प्लिनीकडे आणि प्लिनीकडून मध्ययुगीन मठांच्या ग्रंथालयांत गेली. भारतातील एका लोकसमजुतीने असा दीड हजार वर्षांचा प्रवास केला आणि ती बर्गंडीतील एका दरवाजावर दगडात स्थिरावली. भारत कधीही न पाहिलेल्या कारागिराने त्या सुपकान्यांनाही ख्रिस्ताच्या निरोपाचे अधिकारी मानून माणसांच्या पंक्तीत बसविले, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आतील दालन प्रकाशाने भरलेले आहे. फिक्या आणि तपकिरी दगडांच्या आळीपाळीने रचलेल्या कमानी एकामागून एक दूरवर जातात. प्रत्येक खांबाचे शीर्ष ही एक स्वतंत्र कथा आहे. त्यांपैकी एकात मोझेस जात्यात धान्य ओततो आहे आणि संत पॉल खाली पीठ गोळा करतो आहे. जुन्या करारातील धान्याचे नव्या करारात पीठ झाले, एवढा मोठा सिद्धान्त त्या अनाम पाथरवटाने अक्षरशत्रू शेतकऱ्याला जात्याच्या भाषेत समजावून दिला. वास्तूची रचनाही सूर्याशी बेतलेली आहे. २१ जूनच्या सुमारास, सूर्य माथ्यावर असता, दक्षिणेच्या वरच्या खिडक्यांतून येणारे कवडसे दालनाच्या बरोबर मध्यरेषेवर एका ओळीत पडतात. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलला म्हणजे तेच कवडसे उत्तरेकडील खांबांच्या शीर्षांवर चढतात.

या वैभवाला उतरती कळा लागली ती श्रद्धेचा आधार खचल्यामुळे. १२७९ साली दक्षिण फ्रान्समधील सँ-माक्सिमँ येथे मग्दालियेच्या खऱ्या अस्थी सापडल्याची घोषणा झाली आणि १२९५ मध्ये पोपने त्या दाव्यास मान्यता दिली. यात्रेकरूंनी वाट बदलली आणि जत्रा ओसरल्या. १५६९ साली धर्मयुद्धात प्रॉटेस्टंटांनी गाव घेतले. फ्रेंच राज्यक्रांतीत मठाच्या इमारती विकल्या गेल्या आणि दर्शनी भागावरील शिल्पे फोडली गेली. १८३४ साली ऐतिहासिक वास्तूंचा निरीक्षक या नात्याने कथाकार प्रॉस्पेर मेरिमे येथे आला, तेव्हा रेखाटन करीत असता आजूबाजूला दगडांचे तुकडे पडत असल्याचे त्याला ऐकू येत होते. त्याच्या आग्रहावरून १८४० मध्ये जीर्णोद्धाराचे काम व्हियोले-ल-द्यूक या अवघ्या सव्वीस वर्षांच्या वास्तुविशारदावर सोपविण्यात आले. त्याने १८५९ पर्यंत खपून ही वास्तू वाचविली. मात्र वाचविताना त्याने काही गॉथिक छते काढून जुन्या रोमनेस्क पद्धतीची बांधली, झिजलेल्या शिल्पांच्या जागी नवी बसविली. जुने जपणे म्हणजे आहे ते राखणे की असावे तसे घडविणे, हा वाद त्याच्या कामाभोवती अद्याप चालू आहे. एवढे मात्र खरे की, तो आला नसता तर वाद घालण्यास येथे वास्तूच उरली नसती.

चर्च पाहून झाल्यावर बहुतेक प्रवासी आल्या वाटेने परततात. परंतु वेझलेच्या इतिहासाचे मर्म टेकडीच्या उत्तरेकडील उतारावर आहे. तटाच्या सेंत-क्रोआ, म्हणजे पवित्र क्रूस, या वेशीतून बाहेर पडून शेतांमधून खाली गेले की साधा क्रूस उभारलेली एक जागा लागते. ३१ मार्च ११४६ या ईस्टरच्या दिवशी येथे क्लेर्व्होचा संत बर्नार याने दुसऱ्या धर्मयुद्धाचे आवाहन केले. जमाव एवढा होता की चर्चमध्ये मावेना, म्हणून सभा उघड्यावर घ्यावी लागली. स्वतः राजा सातवा लुई व्यासपीठावर होता. भाषण संपताच लोकांनी क्रूसाच्या कापडी खुणांसाठी एकच गर्दी केली. वाटण्यासाठी आणलेल्या खुणा संपल्या तेव्हा बर्नारने आपलीच वस्त्रे फाडून दिली, असे सांगतात. पुढचा इतिहास विदारक आहे. ऱ्हाइनच्या काठी निरपराध यहुद्यांवर हल्ले झाले. ते थांबविण्यासाठी बर्नारलाच तेथे धाव घ्यावी लागली. आशिया मायनरच्या वाटेवर सैन्याची वाताहत झाली आणि ११४८ साली दमास्कसचा वेढा उठवून उरलेले परत फिरले. तरीही जुलै ११९० मध्ये फ्रान्सचा फिलिप आणि इंग्लंडचा रिचर्ड हे दोघे राजे तिसऱ्या धर्मयुद्धासाठी पुन्हा याच टेकडीवर एकत्र आले.

या भाषणाला आठशे वर्षे झाली तो दिवस दुसऱ्या महायुद्धाच्या नुकत्याच विझलेल्या राखेत उगवला. विजयाचा उत्सव करावा अशी ती वेळ नव्हती आणि ज्या घटनेचे स्मरण करावयाचे ती घटनाही अभिमानाने मिरविण्यासारखी नव्हती. जुलै १९४६ मध्ये फ्रान्स, इंग्लंड, बेल्जियम, इटली इत्यादी देशांतून यात्रेकरूंचे गट पायी निघाले. प्रत्येक गटाच्या खांद्यावर एक जड लाकडी क्रूस होता. असे चौदा क्रूस वेझलेला आले. जवळच्या छावणीत जर्मन युद्धकैदी होते. त्यांनीही सामील होण्याची परवानगी मागितली. आपला क्रूस त्यांनी युद्धात पडलेल्या घरांच्या तुळयांतून घडविला. दोनच वर्षांपूर्वी जो देश या कैद्यांच्या सैन्याच्या टाचेखाली होता, त्या देशातील लोकांनी त्यांना आपल्या रांगेत घेतले आणि पंधरावा क्रूस टेकडी चढला. हे सर्व क्रूस आज चर्चच्या बाजूच्या दालनांत भिंतींवर आहेत. रोमाँ रोलाँ यांना हा दिवस पाहण्यास मिळाला नाही. त्यांचे घर मात्र त्याच चढणीच्या रस्त्यावर होते.

गौरव वाटू नये असा वारसा प्रत्येक राष्ट्राच्या वाट्याला येतो. तो लपवावा की मिरवावा, या पेचात समाज पडतात. वेझलेने बर्नारच्या भाषणाची जागा नांगरून टाकली नाही. उतारावरचा क्रूस जेथे होता तेथेच आहे, आणि त्याच्यापासून पाच-दहा मिनिटांच्या चढणीवर, चर्चच्या भिंतीशी, कैद्यांनी पडक्या घरांच्या लाकडांचा केलेला क्रूसही आहे. वेझलेची फेरी त्या दोन्ही ठिकाणी गेल्याखेरीज पुरी होत नाही.