घरातील वीजकाम : वाढीव कामाचा दर कसा ठरवावा?

घराचे वायरिंग सुरू असताना मूळ अंदाजपत्रकात नसलेले काम निघणे ही नेहमीची बाब आहे. शयनगृहात वातानुकूलन यंत्राची सोय हवी असते, स्वयंपाकघरात जलशुद्धीकरण यंत्रासाठी प्लग लागतो, कधी जुनी वायर काढताना अर्थिंगच नसल्याचे उघड होते. काम तोंडी सांगितले जाते, तोंडीच स्वीकारले जाते आणि त्याची किंमत प्रथम कळते ती अंतिम बिलात. मालकाला ते बिल फुगवलेले वाटते, तर वीजतंत्र्याला आपली मजुरी बुडते आहे असे वाटते. या वादाचे मूळ बहुतेकदा दराच्या रकमेपेक्षा दर ठरण्याच्या वेळेत असते. वाढीव कामाचा दर काम सुरू होण्यापूर्वी, मूळ दराच्या आधारे आणि लेखी ठरला, तर दोन्ही पक्षांचे हित राखले जाते.

‘पॉइंट’ म्हणजे नेमके काय?

घरगुती वीजकामाचा दर काही ठिकाणी पॉइंटवर, काही ठिकाणी चौरस फुटावर, तर किरकोळ कामात रोजंदारीवर ठरतो. पॉइंटचा दर सर्वाधिक परिचित असला, तरी त्याचा अर्थ सर्वत्र सारखा नसतो. दिव्याचा किंवा पंख्याचा एक पॉइंट म्हणजे सामान्यतः स्विचपासून त्या दिव्यापर्यंतचे वायरिंग. मात्र स्विचबोर्डवरच बसवलेला प्लग पूर्ण पॉइंट धरायचा की अर्धा, जिन्यातील दोन ठिकाणांहून चालणाऱ्या दिव्याचा दर वेगळा असेल काय, मुख्य वितरण पेटीपासून स्विचबोर्डपर्यंतची वायर पॉइंटमध्ये येते की मीटरवर मोजली जाते, भिंतीत खाचा पाडणे आणि त्या बुजवणे कोणाकडे, या प्रश्नांची उत्तरे मूळ करारात नसतील, तर तेच काम पुढे ‘वाढीव’ म्हणून समोर येते.

वाढीव कामाचे चार प्रकार

सार्वजनिक बांधकामांच्या करारांत रूढ असलेली वर्गवारी घरगुती कामालाही उपयोगी पडते.

वाढीव परिमाण : करारात असलेलेच काम अधिक प्रमाणात होणे. ४० ऐवजी ४६ पॉइंट झाले, तर वरच्या सहा पॉइंटना मूळ दरच लागू व्हावा.

अतिरिक्त बाब : करारात अजिबात नसलेले काम. त्यासाठी नवा दर ठरवावा लागतो.

बदली बाब : एका वस्तूऐवजी दुसरी वस्तू वापरणे. साध्या स्विचऐवजी मॉड्युलर स्विच बसवले, तर पूर्ण नवी किंमत न लावता दोन्हींतील फरक आकारावा. रद्द झालेल्या कामाची वजावटही याच हिशेबात दाखवावी.

दुरुस्तीचे काम : कंत्राटदाराच्या चुकीमुळे पुन्हा करावे लागलेले काम. हे वाढीव काम नव्हे आणि त्याचा आकार मालकावर पडू नये. याउलट मालकाने पसंती बदलल्यामुळे बसवलेला बोर्ड हलवावा लागला, तर त्याची मजुरी देणे क्रमप्राप्त ठरते.

केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या पद्धतीनुसार अतिरिक्त बाब दरसूचीत असेल, तर सूचीतील दर आधारभूत धरतात. ती सूचीत नसेल, तर बाजारभावाचे पृथक्करण करून दर काढतात. अशा पृथक्करणात कंत्राटदाराचा नफा व वरखर्च यांसाठी १५ टक्के धरण्याची प्रथा आहे. खासगी घरकामावर ही पद्धत बंधनकारक नाही. मात्र चर्चेसाठी तो तटस्थ आधार ठरू शकतो.

कामाचा टप्पा आणि किंमत

एकाच पॉइंटची किंमत तो कोणत्या टप्प्यावर सांगितला यावर बदलते. प्लास्टरपूर्वी भिंतीत नळी टाकणे सोपे असते. प्लास्टरनंतर खाच पाडावी लागते, ती बुजवावी लागते आणि रंगकामानंतर तर संपूर्ण भिंत पुन्हा रंगवण्याची वेळ येऊ शकते.

उदाहरणादाखल, केवळ हिशेब समजण्यासाठी काही रकमा गृहीत धरू. वातानुकूलन यंत्राच्या नव्या पॉइंटसाठी वायर, नळी, पेटी, प्लग आणि एमसीबी मिळून वस्तू व सेवा कर वगळता ३,२०० रुपयांचे साहित्य लागते. प्लास्टर झालेले असल्याने वीजतंत्री आणि मदतनीस यांचा एक दिवस जातो. त्याचे १,८०० रुपये. भिंतीच्या डागडुजीचे १,००० रुपये. एकूण ६,००० रुपये. त्यावर १५ टक्के वरखर्च व नफा ९०० रुपये, म्हणजे ६,९०० रुपये. १८ टक्के दराने वस्तू व सेवा कर १,२४२ रुपये आणि एकंदर ८,१४२ रुपये. हेच काम प्लास्टरपूर्वी सांगितले असते, तर अर्ध्या दिवसाची मजुरी ९०० रुपये लागली असती आणि डागडुजी टळली असती. त्याच रीतीने एकूण खर्च ५,५६३ रुपये ७० पैसे झाला असता. अडीच हजारांहून अधिक रुपयांचा हा फरक केवळ उशिराचा आहे.

करनोंदणी असलेल्या कंत्राटदारालाच वस्तू व सेवा कर आकारता येतो. सेवा पुरवणाऱ्यांसाठी नोंदणीची मर्यादा सर्वसाधारणपणे २० लाख रुपयांच्या वार्षिक उलाढालीची, तर विशेष प्रवर्गातील काही राज्यांत १० लाख रुपयांची आहे. नोंदणी नसताना बिलात कराची रक्कम लावणे नियमबाह्य आहे. मालकाने साहित्य स्वतः आणून दिले असेल, तर त्या साहित्यावर नफ्याची आकारणी करण्याचे कारण उरत नाही.

सुरक्षेचा खर्च वगळू नये

वाढीव पॉइंट जवळच्या सर्किटला जोडून टाकणे स्वस्त पडते. धोका तिथेच निर्माण होतो. दिवे व पंख्यांच्या एका सर्किटवर १० पेक्षा अधिक पॉइंट किंवा ८०० वॉटपेक्षा अधिक भार नसावा, हा वायरिंगमधील प्रस्थापित नियम आहे. गिझर, वातानुकूलन यंत्र यांसारख्या उपकरणांना वितरण पेटीपासून स्वतंत्र वायर आणि स्वतंत्र एमसीबी लागते. त्यामुळे अशा पॉइंटचा दर दिव्याच्या पॉइंटइतका असू शकत नाही. भार वाढल्यास वीज वितरण कंपनीकडून मंजूर भार वाढवून घ्यावा लागतो. त्याचे शुल्क कोण भरणार, हेही आधीच ठरवावे.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षाविषयक विनियमांनुसार दिवे, पंखे, फ्यूज, स्विच आणि घरगुती उपकरणे यांची, मांडणीची क्षमता वा स्वरूप न बदलणारी अदलाबदल वगळता, विद्युत संचमांडणीतील भर, फेरफार आणि दुरुस्ती परवानाधारक वीज कंत्राटदारानेच करावयाची असते. नवा पॉइंट ही मांडणीतील भरच होय. म्हणून दर मागताना परवाना क्रमांक आणि कामानंतरच्या चाचणीचा समावेश आहे काय, हे विचारून घ्यावे.

लेखी ठरले नसेल तर?

तोंडी करारही कायद्याने वैध असतो. अडचण पुराव्याची येते. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७० नुसार एखाद्याने दुसऱ्यासाठी कायदेशीररीत्या आणि विनामूल्य करण्याचा हेतू नसताना काम केले व दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर त्याला मोबदला द्यावा लागतो. पश्चिम बंगाल राज्य विरुद्ध बी. के. मंडल अँड सन्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व स्पष्ट केले. मात्र लाभ नाकारण्याची मुभा समोरच्याला असली पाहिजे, असेही त्यात म्हटले आहे. म्हणजेच मालकाने सांगून करून घेतलेल्या कामाचा वाजवी मोबदला तो नाकारू शकत नाही; परंतु त्याला न विचारता केलेल्या आणि त्याने न स्वीकारलेल्या कामाचा आकार त्याच्यावर लादता येत नाही. मुदत ठरली नसल्यास, विनंतीवरून केलेल्या कामाच्या किमतीसाठी काम झाल्यापासून तीन वर्षांत दिवाणी दावा करता येतो.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार सेवेतील उणिवेबाबत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. दिलेला मोबदला पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास तक्रारीसाठी शुल्क नाही. दिलेल्या सेवेचे विहित रीतीने बिल न देणे हीही अनुचित व्यापारी प्रथा मानली जाते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

नोंदीत काय असावे?

वाढीव कामाची नोंद एका पानाची पुरते. भ्रमणध्वनीवर संदेश पाठवून मिळवलेली स्पष्ट संमतीही उपयोगी ठरते. कामाचे वर्णन व जागा, साहित्याचा ब्रँड आणि वायरचा आकार, साहित्य व मजुरीची वेगवेगळी रक्कम, डागडुजीची जबाबदारी, कर, कामाला लागणारे जादा दिवस आणि पैसे देण्याची वेळ एवढा तपशील त्यात असावा. भिंत बंद करण्यापूर्वी नळ्यांची छायाचित्रे काढून ठेवल्यास मोजमापाचा वाद टळतो. पुढे त्या भिंतीत खिळा ठोकतानाही वायर कुठून गेली आहे, हे त्यांवरून कळते.