विडी वळणाऱ्या भगिनी व त्यांचा संघ

इतिहासाच्या पोथींत राजे व सेनापती यांचीं नांवें सहज सांपडतात. उंबरठ्याच्या आंत बसून टेंभुर्णीचें पान कातरणाऱ्या स्त्रीचें नांव क्वचितच येतें. म्हणून या ज्युबिलीच्या अंकांत नगरच्या अशा भगिनींचा वृत्तांत थोडक्यांत देणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचें अहमदनगर, येथें विडीचा धंदा बव्हंशीं स्त्रियांच्या हातांवर उभा राहिला. त्यांत विणकर म्हणून लौकिक असलेल्या पद्मशाली समाजाच्या भगिनी पुष्कळ. हातमाग मागें पडले आणि घरोघर विडीचीं सुपें आलीं. रीत अशी कीं, कारखान्यांतून पान व तंबाखू आणावी, पान भिजवून मापानें कातरावें, विडी वळून दोऱ्यानें बांधावी आणि हजारावर मजुरी घ्यावी. परंतु माल तपासतांना कांहीं विड्या ‘छाट’ म्हणून बाजूस पडत व त्यांची मजुरी बुडे. पान खराब मिळालें तरी दोष वळणारीच्याच माथीं! एकटी बाई बोलणार काय? दुसरे दिवशीं पानच न मिळालें तर चूल कशी पेटावी? शिवाय घरीं काम करणारी ती कामगार नव्हेच, असें म्हणावयास मालक मोकळा होता.

यावर उपाय एकच, एकी. नगर शहरांत आयटक व इंटक या दोन्ही मध्यवर्ती संघटनांशीं जोडलेले विडी कामगारांचे संघ उभे राहिले. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्यानें घरीं विडी वळणारीसही कामगार म्हटलें आणि छाटीच्या तंट्यांस निवाड्याची वाट दिली. मालकांनीं त्यास आव्हान दिलें. १९७४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो वैध ठरविला. १९७६ सालीं कल्याणनिधीचा कायदा झाला. शेजारच्या सोलापुरांत तर नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखालीं लढलेल्या विडी कामगार स्त्रियांस कुंभारी येथें १०,००० घरें मिळालीं. २००६ सालीं पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्तें त्यांचें लोकार्पण झालें.

सुज्ञ वाचकहो, पोप तेरावे लिओ यांनीं १८९१ सालीं ‘रेरुम नोवारुम’ या परिपत्रांत कामगारांचा संघ करण्याचा हक्क मान्य केला, तो याच कारणास्तव. विडी आरोग्यास घातक आहे. तंबाखूची धूळ वळणारीच्याही छातींत जाते. हा धंदा संपेल तेव्हां संपो. परंतु जिच्या बोटांवर तो उभा राहिला, तिला दुसरें काम व म्हातारपणीं आधार मिळावा, ही मागणी छाटींत टाकण्याजोगी नाहीं.