रोजच्या प्रार्थनेची पोथी

श्रोतेहो, पुसेगाव म्हटलं की कुणाला सातारकडचं आठवेल. मी म्हणतो ते आपल्या हिंगोली जिल्ह्यातलं. याच जिल्ह्यात नर्सी आहे, परंपरेनं नामदेवरायांचं जन्मगाव मानलेलं. अशा मुलखात रोज देवापुढं काय म्हणावं, असा प्रश्न सहसा पडत नाही. आजोबा हरिपाठ म्हणतात, आणि नातवाला तो ऐकता ऐकताच पाठ होतो. पण घरची पोथीच हातची गेली तर?

चारशे वर्षांपूर्वी गोव्यातल्या साष्टीच्या लोकांवर ही वेळ आली. तिथं पोर्तुगीजांचं राज्य. सोळाव्या शतकात पुष्कळ घरं ख्रिस्ती झाली, काही मनानं, काही धाकानं. जुन्या पुराणांवर बंदी आली. चर्चमधली उपासना लॅटिनमध्ये. ती कळणार किती जणांना? मुलांना धर्माचे पाठ मिळत. पण दिवेलागणीला घरात काय म्हणावं?

फादर टॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेज्वीट १५७९ साली गोव्यात आले आणि पुढची सुमारे चाळीस वर्षं तिथंच राहिले. ते इथल्या भाषा शिकले. त्यांच्या 'ख्रिस्तपुराणा'च्या आरंभीच एक प्रसंग आहे. एक ख्रिस्ती झालेला ब्राह्मण विचारतो, आमची पुराणं बंद केलीत, मग त्यांच्या जागी दुसरं पुराण आम्हाला का देत नाही? मोठा रास्त प्रश्न! त्याचं उत्तर म्हणून हा ग्रंथ झाला. १६१६ साली तो रायतूरला छापला गेला. बायबलातली कथा, पण मराठी ओवीत. ओव्या दहा हजारांवर. एकानं वाचावं, दहांनी ऐकावं, ही आपली जुनीच रीत.

शिक्षकबंधूंनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. स्टीफन्सनी रोजच्या प्रार्थना आणि धर्माची प्रश्नोत्तरं यांचं छोटं पुस्तकही केलं. ते त्यांच्या मृत्यूनंतर १६२२ साली निघालं, आणि ते कोकणीत आहे. म्हणजे पाठ करायचं ते घरच्या बोलीत, आणि बसून ऐकायचं ते मराठी ग्रंथभाषेत. छोटं पुस्तक तोंडासाठी, मोठं कानासाठी. ही निवड फार विचाराची होती.

लिपीचं मात्र साधलं नाही. देशी लिपीचे ठसे पाडावेत, अशी त्यांची फार इच्छा होती. तसं त्यांनी १६०८ साली रोमला कळवलंही. पण सुमारे सहाशे ठसे पाडायचे म्हणजे काम अवघड. तेव्हा मराठी ओव्या रोमी अक्षरांत छापल्या गेल्या.

पुढं १६८४ साली पोर्तुगीज सरकारनं हुकूम काढला की, लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. पण हुकमानं पोथी सुटते का? लोकांनी हातानं नकला केल्या. कोकणी ख्रिस्ती घराण्यांनी त्या दक्षिणेत मंगळूरपर्यंत जपल्या. पहिल्या छपाईची एकही प्रत आज ठाऊक नाही. पण अशा हस्तलिखितांवरूनच जोसेफ साल्ढाणा यांनी १९०७ साली मंगळूरला ग्रंथ पुन्हा छापला. देवनागरी आवृत्ती शांताराम बंडेलू यांनी १९५६ साली पुण्यात काढली. छापखान्यानं गमावलेलं घरांनी राखलं, ते असं.

खुद्द रोमच्या चर्चनं उपासनेत लोकांच्या भाषांना मोकळं दार दिलं ते दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, ४ डिसेंबर १९६३ रोजी. साष्टीतल्या त्या ब्राह्मणाची मागणी त्याआधी साडेतीनशे वर्षांची!

म्हणून आज एखाद्या मराठी कॅथलिक घरानं रोजच्यासाठी प्रार्थनापुस्तक घ्यायचं झालं, तर चर्चची मान्यता पाहावीच. पण बांधणीवर आणि सोनेरी कडांवर जाऊ नये. त्यातलं एक पान घरात मोठ्यानं वाचावं. अक्षरओळख नसलेल्या आजीला ते कळलं, आणि चार दिवसांनी तिच्या तोंडी आपोआप आलं, की समजावं, पुस्तक बरोबर निवडलं.