सावित्रीबाई ते पीपीई किट

सारसोळ्याच्या जेट्टीवर बसलो की २०२० आठवते. जागतिक आरोग्य संघटनेने परिचारिकांचे म्हणून जाहीर केलेले ते वर्ष. त्याच वर्षी वाशीत सिडकोच्या प्रदर्शन केंद्रात करोना रुग्णालय उभे राहिले. मग मन १८९७च्या पुण्यात जाते. प्लेगग्रस्त मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात पोचवणाऱ्या सावित्रीबाई फुले १० मार्चला त्याच रोगाने गेल्या. प्लेग पिसवांवाटे पसरतो, हे सिमाँ यांनी दाखवले १८९८मध्ये. २०२०च्या परिचारिकांना संसर्गाची वाट ठाऊक होती. म्हणून तर पीपीई किट घालण्या-उतरवण्याचा काटेकोर क्रम आणि घोटभर पाण्यावाचून काढलेली पाळी. २२ मार्चला आपण थाळ्या वाजवल्या. पण मला या दोन साथींतून एवढेच कळते: शुश्रूषा करणारीला त्यागापेक्षा आधी संरक्षण द्यावे. ती वाचली, तरच रुग्ण वाचतो.