नाममात्र चल
निश्चित संकलनात केवळ बेरजेपुरते वापरलेले, बदलता येणारे अक्षर. वर्गात याला सर्रास ‘डमी व्हेरिएबल’ म्हणतात. ० ते ३ या सीमांत क्ष²चे संकलन ९ येते. क्षच्या जागी ट लिहिले तरी ९च. धुळे-जळगाव प्रवासातील वेगाचे वेळेनुसार संकलन केले की अंतर मिळते. वेळेला कोणते अक्षर दिले याने रस्ता लांबत नाही. उत्तर ठरते ते फल आणि सीमा यांवरून. विद्यार्थी अडखळतात ते दोन ठिकाणी. वरची सीमाच क्ष असेल, तर आत दुसरे अक्षर घ्यावे. आणि ० ते अ या सीमांत ट = अ − क्ष घेतल्यावर शेवटी टला पुन्हा क्ष म्हणता येते, ही लबाडी नव्हे; अक्षर नाममात्र असल्यानेच ते चालते.

संकलनासारखीच रीत वापरून गणिती भास्कराचार्यांनी गोलाचे पृष्ठफळ पट्ट्यांच्या बेरजेने काढले. त्यांच्या बीजगणितातील यावत्तावत्, कालक, नीलक ही मात्र अज्ञात राशींची नावे. ती नाममात्र चल नव्हेत.